सोळा पानांच्या पुढे

४ फेब्रुवारी

मासिकाच्या संपादकबाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा. काहीही लिहा, कुणाला दाखवू नका, नुसता हात बसू दे. म्हणून ही वही.

काय लिहायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. गोष्ट लिहायला बसलं की पुढे काय होणार ते मला माहीत असतं. दिवसाचं तसं नाही.

तर आजचा दिवस. कामावर उशिरा पोचले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर कुलूप नीट लागलं की नाही अशी रुखरुख लागली, परत जिना चढून ओढून बघितलं. लागलेलं होतं. नेहमी लागलेलंच असतं. मुकादमबाई घड्याळाकडे बघून काही बोलल्या नाहीत, म्हणजे बोलल्याच.

रुग्णालयाच्या कपडेखोलीत मी चादरी दुरुस्त करते. चादर मधे विरते, कडा धड राहतात. मग ती मधोमध उभी फाडायची, दोन्ही कडा मधे आणून जोडायच्या, विरलेला भाग बाजूला जाऊ द्यायचा. रोग्याच्या पाठीखाली एक शिवण येते खरी, पण चादर आणखी चालते. आज चादरीच चादरी होत्या. दुपारच्या सुट्टीत हे लिहिते आहे. चार ओळींच्या वर झालं.

११ फेब्रुवारी

मासिक हातात पडलं. ‘होडीवाला’, आणि खाली माझं नाव. आधी नाव वाचलं, मग गोष्ट वाचली, मग पुन्हा नाव. छापलेलं नाव आपलं वाटतच नाही, शेजारणीचं वाटतं.

गोष्ट ह्यांची आहे. ते कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे, इथे ठेवते.

हे बांधणीखान्यात पुस्तकं बांधायचे. संध्याकाळी घरी आले, हात धुतले, की मी भांडी घासायला उभी राहायची आणि हे मागे दाराच्या चौकटीला टेकून गोष्ट सांगायचे. लेक अभ्यास टाकून ऐकत बसायची. माझी पाठ त्यांच्याकडे. वळून बघावं असं कधी वाटलं नाही, पाणी जाण्याची वेळ झालेली असायची. मला तेव्हा जेमतेम वाचता यायचं, शाळा चौथीतच सुटलेली. हे गेले आणि घर इतकं गप्प झालं की मी वाचनालयात नाव घातलं. सुरुवातीला बोट ठेवून वाचायची. पुष्कळ पुस्तकं वाचून झाल्यावर लक्षात आलं, की ह्यांच्या गोष्टी छापलेल्यांपेक्षा काही कमी नव्हत्या. मग एकेक आठवून लिहून काढल्या.

एकदा विचारलं होतं, “कुठून आणता हो एवढ्या गोष्टी?”

तर म्हणाले, “कामावरून येताना घेऊन येतो.”

मी हसले. तेही हसले.

१२ फेब्रुवारी

लेकीचा फोन. अभिनंदन वगैरे झाल्यावर म्हणाली, “आई, बाबांचं नाव कुठे आहे?”

“त्यांनी सांगितली, लिहिली मी.”

“मग दोघांचं घालायचं.”

“मासिकात एकाचंच घालतात.”

“असं कोण म्हणालं?”

असं कुणीच म्हणालं नव्हतं. संपादकबाईंनी विचारलं होतं, “गोष्ट तुमचीच ना?” आणि मी हो म्हणाले होते. पटकन म्हणाले होते. ‘आमच्या ह्यांची’ हे शब्द तोंडात आलेही होते, पण समोर एवढा मोठा कागदांचा ढीग, एवढी शिकलेली बाई. म्हटलं, आता मधेच मेलेल्या माणसाचा विषय कशाला. लेकीला यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, “ठीक आहे,” आणि ते ठीक नव्हतं.

२६ फेब्रुवारी

संपादकबाईंनी बोलावलं होतं. त्यांच्या खोलीत बसायला एकच खुर्ची, तिच्यावरही कागद. “खाली ठेवा हो ते, थोर लोक आहेत, पण जमिनीवर बसतील,” म्हणाल्या. त्यांनी माझ्या दहाही गोष्टी वाचल्या आहेत. पुस्तक काढायचं म्हणतात. शिवाय पुस्तक आलं की मासिकात दर महिन्याला एक गोष्ट, कायमची.

“तुमच्या प्रत्येक गोष्टीत एक बाई आहे. लक्षात आलंय का?”

“बाया तर असणारच.”

“तसं नाही. ती निघालेली असते आणि परत फिरते. होडीवाल्याची बायको होडी बांधून घराच्या वाटेला लागते आणि दोर ओढून बघायला परत येते. मोठ्या घरातली ती मोलकरीण रस्त्याला लागते, आणि फाटक हलवून बघायला मागे येते. विहिरीवरची म्हातारी झाकणावर दोनदा हात ठेवते. गोष्टीत तिचं खरं म्हणजे काही काम नसतं. पण ती काढून टाकली तर गोष्ट उघडी पडेल. हे शिकून येत नाही. ही बाई तुमची.”

मी मान हलवली. ती बाई माझी कुठली, ह्यांचीच. पण मान हलली खरी.

येताना जिन्यात एक माणूस म्हणाला, “पडाल ताई, खाली बघून चाला.” मी वर बघून हसत होते.

१४ मार्च

कपडेखोलीतलं काम सोडलं. मुकादमबाईंना सांगितलं, आता मी लिहिणार.

“लिहिणार म्हणजे? काय लिहिणार?”

“गोष्टी.”

“आणि ह्या चादरी कोण शिवणार? कवी?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. निघताना मुकादमबाईंनी माझी कात्री कागदात गुंडाळून हातात दिली. म्हणाल्या, “धार लावून ठेवत जा. गंजली की मग कापत नाही.” त्या कात्रीचंच बोलत असाव्यात.

वाटेत वाचनालयात कार्डाची मुदत वाढवायला गेले. तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, “व्यवसाय?” मी म्हटलं, “शिवण... नाही. लेखिका.” तेव्हा त्याने मान वर केली. “वा. म्हणजे आता तुमच्याकडून उशिराचा दंड घ्यायचा की तुम्हाला सूट द्यायची?” म्हटलं, दंड घ्या, नाहीतर खरं वाटायचं नाही.

घरी येऊन आरशात बघितलं. काही फरक नाही.

२ एप्रिल

सकाळी टेबल पुसलं, कागद लावले, पेन भरलं, बसले. जेवायच्या वेळेपर्यंत पेन तीनदा पुसलं.

अकरावी गोष्ट आठवते आहे, ती लिहीन. बारावीसुद्धा आहे. त्यानंतर काय? दर महिन्याला एक म्हणजे ह्यांना आणखी किती वर्षं बोलावं लागेल. स्वतःची रचून बघितली. एक बाई होती, असं लिहिलं. पुढे तिला कुठे न्यावं ते कळेना. ती तशीच उभी राहिली आणि मी उठून डाळ-तांदूळ निवडले. ह्यांच्या माणसांना बरोबर ठाऊक असायचं कुठे जायचं ते.

संपादकबाईंना विचारायला हवं होतं, लेखक लोक अशा वेळी काय करतात. विचारलं नाही. उगाच त्यांना शंका यायची.

१९ एप्रिल

पुस्तकाची कच्ची छपाई तपासायला आली. दहा गोष्टींची जाडी अंगठ्याएवढी. ह्यांना दाखवावीशी वाटली. खरं तर, हे असते तर लेखक कोण, यावरून घरात कुरबूर झाली असती का? हे भांडले नसते. चहाचा पेला पुढे सरकवून म्हणाले असते, “बघू बरं, बांधणी कशी केलीय.”

अर्पणपत्रिकेत त्यांना घालायचं ठरवलं आहे. लेकीला कळवलं. म्हणाली, “अर्पण? त्यांच्याच गोष्टी त्यांना?”

७ मे

झालं ते लिहून ठेवते.

दुपारी वाचनालयात मागच्या कपाटातलं एक जुनं पुस्तक काढलं. कापडी पुठ्ठा, आतल्या बाजूला ह्यांच्या बांधणीखान्याची छोटी चिठ्ठी चिकटवलेली. ती बघून बरं वाटलं, म्हणून तेच घेतलं. खिडकीशी बसून वाचायला लागले. सुरुवातीचं काही खास नाही, कुणीतरी दोन भाऊ, जमिनीचं भांडण. एक भाऊ घर सोडून निघतो आणि नदीवर येतो. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य मला येतं आहे.

होडीवाला. त्याच्याकडे ठेवायला दिलेली कुलूपबंद पेटी. ‘पेटी जड नव्हती, विश्वास जड होता.’ हे वाक्य संपादकबाईंनी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं आणि समासात ‘सुंदर’ लिहिलं होतं. मी तेव्हा लाजले होते.

सगळं तसंच. माणसाच्या जोड्यातलं भोक, होडीवाल्याचा खोकला. मी पुस्तक मिटलं, कपाटात ठेवलं, पुन्हा काढलं, तो भाग पुन्हा वाचला. तो ज्या पानावर थांबतो तिथून पुढचं वाचायचं धैर्य झालं नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “काय लेखिकाबाई, आज इथेच लिहायला बसता की काय?”

ते पुस्तक माझी लेक शाळेत होती तेव्हा छापलेलं आहे.

८ मे

हे चोर होते, असं मनात आलं. ते पुसून टाकता येत नाही.

१० मे

दाभणाकडे गेले. हे आणि तो बांधणीखान्यात शेजारशेजारच्या टेबलांवर होते. उंच आणि वाळका, म्हणून सगळे त्याला दाभण म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. आता तो घरीच असतो. बोटं वाकली आहेत, जीभ मात्र सरळ आहे.

“या वहिनी. लेखिका झालात म्हणे. आम्ही जन्मभर पुस्तकं बांधली, आम्हाला कुणी लेखक म्हणेना.”

मी सरळच विचारलं. हे कामावर पुस्तकं वाचायचे का?

“पुस्तकं? पुस्तकं कुठली हो वाचायला मिळतात बांधणाऱ्याला. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, एका कागदावर सोळा पानं. त्याला फर्मा म्हणायचं. प्रत्येकाच्या टेबलावर एकच फर्मा. दिवसभर त्याच सोळा पानांच्या घड्या घालायच्या. माझ्याकडे एकदा एक माणूस जिन्यावरून पडत होता. आठवडाभर पडत होता. खाली पोचला की नाही, आजतागायत ठाऊक नाही.”

“पुढचा कागद शेजारच्या टेबलावर असेल ना. जाऊन बघायचा.”

“नाही बघायचा. तो आमचा कायदा होता. मालकाचा नाही हं, आमचा. कारण चहाची पैज असायची. ज्याच्या हातात जो फर्मा, त्याने तो सगळ्यांना सांगायचा आणि पुढे काय होणार ते स्वतःच्या डोक्याने सांगायचं. मग पुढचा फर्मा ज्याच्याकडे असेल त्याने निकाल द्यायचा. बरोबर निघालं तर चहा फुकट, चुकलं तर सगळ्यांचा चहा त्याच्या माथी. आणि तुमचे हे, वहिनी, जन्मात एकदा जिंकले नाहीत!”

“इतकं वाईट सांगायचे?”

“वाईट? अहो, इतकं छान सांगायचे की निकाल देणाऱ्याला पुस्तकात खरं काय आहे ते सांगायची लाज वाटायची. एकदा माझ्याकडे निकाल होता. पुस्तकात तो होडीवाला पेटी फोडतो, आत दागिने, मग खून, मग फाशी. तुमच्या ह्यांनी काय सांगितलं ठाऊक आहे?”

मला ठाऊक होतं. होडीवाला पेटी कधीच उघडत नाही. म्हातारपणी तो माणूस परत येतो, आणि किल्ली कुठे ठेवली तेच त्याला आठवत नाही. दोघं पेटीवर बसून हसत सुटतात.

“मी म्हटलं, हरलास गड्या. पण चहा मात्र मी पाजला त्या दिवशी.”

“मग घरी आम्हाला सांगायचे त्यातलं किती पुस्तकातलं आणि किती त्यांचं?”

दाभणाने वाकड्या बोटांनी गुडघा खाजवला. “ते मला काय ठाऊक वहिनी. घरी तुम्ही होता.”

११ मे

घरी मी होते. पाठ करून.

कामावरून येताना घेऊन येतो, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. तेवढं ऐकून मी ‘म्हणजे?’ एवढं जरी विचारलं असतं. भाजी कुठून आणली ते मी दहा वेळा विचारायची.

आज सबंध दिवस त्या दहा गोष्टी पुढ्यात घेऊन बसले. प्रत्येकीत कुठेतरी सोळा पानं संपतात आणि हे सुरू होतात. ती जागा मला सापडत नाही. चादरीतली शिवण मी डोळे मिटून बोटाने सांगते. इथे बोट फिरवते आणि काहीच लागत नाही. वर मी लिहिताना इकडचं तिकडे केलं ते वेगळंच.

१५ मे

लेकीला सांगितलं.

“म्हणजे बाबा चोर होते असं म्हणतेस?”

“तसं म्हटलं का मी?”

“मग काय म्हणतेस?”

“त्यांनी कधी म्हटलं नव्हतं की माझ्या आहेत. ते मी म्हटलं. लोकांना.”

मागे नात काहीतरी आपटत होती. मग लेक म्हणाली, “कुणाच्या लक्षात आलंय का?”

“नाही.”

“मग गप्प बस ना आई. कोण वाचतं ती जुनी पुस्तकं? तू काम सोडून बसली आहेस. पुस्तक येऊ दे. सासरी मी सगळ्यांना सांगून बसले आहे.”

मला वाटलं होतं ती मला रागावेल. रागावली असती तर सोपं झालं असतं.

गोष्टीवर त्यांचं नाव घातलं नाही याचं मला इतके दिवस वाईट वाटत होतं. आज वाटलं, बरं झालं, बोल लागेल तो मला लागेल. आणि मग त्या बरं वाटण्याचंच वाईट वाटलं. मी काही त्यांना वाचवायला ते गाळलं नव्हतं.

१८ मे

सकाळी तयार झाले, बसले, उठले, पुन्हा बसले. लेकीचं खरं आहे, कुणाला कळणार नाही. पण पुस्तक छापून बांधायला जाईल. कुठल्यातरी बांधणीखान्यात कुणीतरी दिवसभर त्या सोळा पानांच्या घड्या घालील, आणि तो दाभणासारखा म्हातारा असला तर म्हणेल, अरे, हे तर मी एकदा बांधलं आहे. संपादकबाईंची मला भीती वाटली नाही तेवढी त्या माणसाची वाटली.

गेले. कुलपासाठी परत आले, पुन्हा गेले.

बाईंनी ऐकून घेतलं. पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली, मग उभी ठेवली.

“छापली ती एक. उरलेल्या नऊ?”

“अर्ध्या कुठल्या कुठल्या पुस्तकांतल्या असतील, अर्ध्या ह्यांच्या.”

“अर्ध्या म्हणजे कुठून कुठपर्यंत?”

“ते मला सांगता येत नाही.”

“मी मासिकात खुलासा देईन. तुमचं नाव घालावं लागेल.”

“घाला.”

“पुस्तक थांबवते मग.” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. जरा वेळाने म्हणाल्या, “तुमचं स्वतःचं काही आहे का हो? एकटीचं? चार पानं तरी?”

“नाही.”

“मी रोज लिहायला सांगितलं होतं.”

“ते लिहिते. पण ते आपलं चादरी, कोण काय म्हणालं, दिवसभरात काय झालं. त्यात गोष्ट नाही.”

“आणून तरी दाखवा.”

“तुम्हीच म्हणालात, कुणाला दाखवू नका.”

“हो,” त्या म्हणाल्या, “म्हणाले होते खरं.” आणि कच्च्या छपाईचा गठ्ठा दोरीने बांधायला लागल्या. त्यांना गाठ नीट मारता येईना. मी मारून दिली.

दाराशी त्या म्हणाल्या, “ती परत फिरणारी बाई तरी तुमची असेल असं मला वाटत होतं.”

“ती ह्यांच्या गोष्टीतली आहे. म्हणजे कुठल्यातरी पुस्तकातलीच असणार.”

३ जून

खुलासा छापून आला. अगदी खाली, बारीक टायपात. माझं नाव या खेपेला लगेच माझं वाटलं.

९ जून

मुकादमबाईंकडे गेले. माझ्या जागेवर दुसरी बाई बसली आहे, तिचे टाके मोठे पडतात. मुकादमबाई म्हणाल्या, “उशा-अभ्र्यांचं काम आहे, रोजचं नाही. चालेल?” चालेल म्हटलं. “कात्री गंजली नाही ना?” नाही म्हटलं. ‘काय झालं’ म्हणून त्यांनी विचारलं नाही. बाकीच्यांनाही विचारू दिलं नाही. एकीने तोंड उघडलं तर म्हणाल्या, “तुला टाके घालायला सांगितलेत, घाल.”

वाचनालयाच्या कार्डावर मात्र अजून लेखिका लिहिलेलं आहे. बदलून घ्या म्हणायला जमलं नाही.

१७ जुलै

लेक फोन करते, पण नातीच्या खोकल्याचं आणि जावयाच्या बदलीचं बोलते. गोष्टींचं नाव काढत नाही. मीही नाही.

अर्पणपत्रिका लिहिली होती तो कागद सापडला. दोनच ओळी होत्या. त्याच्या मागे नातीसाठी फ्रॉकचं माप लिहिलं.

५ ऑगस्ट

आता माझं एक काम चाललं आहे. वाचनालयाच्या मागच्या कपाटात ह्यांच्या बांधणीखान्याची चिठ्ठी असलेली पुस्तकं पुष्कळ आहेत. एकेक घेऊन येते. त्यात ओळखीचा भाग आला की सावध होते. मग तो संपतो, आणि पुस्तकातली माणसं भलतंच वागायला लागतात; जी ह्यांच्या तोंडून क्षमा करायची ती सूड घेतात, जी घरी पोचायची ती वाटेत मरतात. तिथे मी थांबते. त्या जागेपासून पुढे जे मला आठवतं, ते ह्यांचं.

‘होडीवाला’ पहिल्यांदा केली. तीन गोष्टी अशा सुट्या झाल्या. ह्यांचा भाग निघतो तो थोडासाच असतो, एखाद-दोन पानांचा. पण तेवढा नक्की त्यांचा.

माणूस होता तेव्हा ऐकायचं सोडून, आता पुस्तकात तो जिथे नाही ती पानं वाचत बसले आहे.

१९ ऑगस्ट

लेक आली आहे, नातीला घेऊन. दुपारी नात झोपेना म्हणून लेकच म्हणाली, “आई, होडीवाल्याची सांग.” माझ्याकडे न बघता म्हणाली.

सांगितली. सगळी, जशी ह्यांनी सांगितली होती तशी. नात झोपल्यावर मी लेकीला माझ्या कामाबद्दल सांगितलं. म्हटलं, सगळं जमतं आहे, एक कोडं तेवढं सुटत नाही.

“कुठलं?”

“ती परत येणारी बाई. मूळ पुस्तकात होडीवाल्याची बायको होडी बांधते आणि सरळ घरी जाते. मोलकरीणही फाटक लोटून जाते, मागे वळत नाही. विहिरीच्या गोष्टीत तर म्हातारीच नाही. आधी वाटलं मीच लिहिताना घातली.”

“छे. ती तर बाबांच्या प्रत्येक गोष्टीत असायची. मी विचारायचे, बाबा, ही कोण, सारखी सारखी येते? तर नुसते हसायचे.”

“कसे हसायचे?”

“तुझ्याकडे बघून.”

“मी भांडी घासत असायची.”

“हो.”

“म्हणजे कुठल्यातरी एका पुस्तकातली त्यांच्या मनात बसली असणार. तो फर्मा पुष्कळ दिवस हाताखाली असेल. म्हणून ती सगळीकडे घालायचे. ते पुस्तक अजून माझ्या हाती लागलेलं नाही.”

लेक माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते तिचे. म्हटलं, काय गं? तर म्हणाली, “काही नाही. शोध तू. सापडेल.” आणि उगाचच मागून येऊन गळ्यात हात टाकले, लहानपणी टाकायची तसे. अलीकडे ती फार हळवी झाली आहे. बदलीचं टेन्शन असेल.

२१ ऑगस्ट

लेक सकाळी गेली. पलंगावरची चादर तिने घडी घालून ठेवली आहे, कडेला कड जुळवून. बापासारखी घडी घालते.

आज अभ्रे नाहीत, सुट्टी. वाचनालयात निघते. मागच्या कपाटातल्या खालच्या दोन फळ्या अजून बाकी आहेत.

*

निघाले होते. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, कुलूप ओढून बघितलं. लागलेलं होतं. आता वर आलेच आहे तर दार उघडून ही ओळ लिहून ठेवते, नाहीतर विसरेन: ती बाई ज्या पुस्तकात सापडेल, त्या पुस्तकाचं नाव आधी लेकीला कळवायचं.